एका पायाचा करार

दोन मोठ्या देशांची मैत्री वाढतेय अशी बातमी आली की आमच्या गल्लीतले बूटवाले आधी आपल्या शेडचं दार आतून लावून घ्यायचे. लोक हसायचे. पण बूटवाल्यांना अनुभव होता. अशाच एका मैत्रीने त्यांची नोकरी खाल्ली होती.

तेव्हा ते नदीपलीकडच्या रबराच्या कारखान्यात साच्यांवर काम करायचे. आमच्या देशाने आणि त्या दुसऱ्या मोठ्या देशाने खुल्या व्यापाराचा करार केला, दोन्हीकडच्या नेत्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि वर्ष सरायच्या आत तिकडचा रबरी माल इकडे इतका स्वस्त मिळायला लागला की कारखान्याला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी मालकाने सगळ्यांना अंगणात जमवून सांगितलं, "देश पुढे चाललाय, थोडं सोसा." आणि तो स्वतः देशाच्याही पुढे निघून गेला. कुठे, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

भंगारात निघालेला एक हातप्रेस बूटवाल्यांनी हातगाडीवर घालून घरी आणला. मागच्या अंगणात पत्र्याची शेड घातली आणि खुर्च्या, टेबलं, स्टुलं, शिड्या यांच्या पायांत घालायचे रबरी बूट पाडायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "अहो, माणसांच्या पायांत घाला काहीतरी. टेबल काय चालत येणार आहे दुकानात?"

"टेबल नाही येणार, टेबलाचा मालक येईल," बूटवाले म्हणाले.

मालक यायला लागले; झुंडीने नाही, पण घर चालेल इतपत. बूटवाल्यांना मात्र त्या धंद्याचं वेडच लागलं. कुठेही गेले तरी नजर आधी खुर्चीच्या पायांकडे. कुणाकडे माणूस गेलं म्हणून भेटायला गेले, तरी दोन शब्द बोलायच्या आधी वाकून खुर्चीखाली बघायचे. घरच्यांना वाटायचं, बिचाऱ्यांना रडू आवरत नाहीये. मग ते वर बघून हळूच म्हणायचे, "मागचे दोन गेलेत. उद्या बसवून देतो."

अशा या माणसाला दोन महासत्तांच्या व्यापार परिषदेत सही करायला लावलं कुणी, ती हकिगत ऐका.

आमच्या शहरात परिषदेसाठी नवं सभागृह बांधलं होतं. जमीन अशी गुळगुळीत, की तीत बघून भांग पाडावा. रंगीत तालमीच्या दिवशी नेत्याच्या जागी एका कारकुनाला बसवलं, आणि तो उठला तसा खुर्चीने असा काही चीत्कार केला की बाहेरच्या पहारेकऱ्यांनी बंदुका सरसावल्या. झालं, धावाधाव. कुणीतरी बूटवाल्यांचं नाव सांगितलं. परिषदेच्या दिवशी सकाळी, पाहुणे येऊन बसायला लागले तरी, बूटवाले गुडघ्यांवर रांगत शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांना बूट घालत होते.

परिषदेची सगळी व्यवस्था एका उपसचिवांकडे होती. बोलताना दर वाक्यात 'सर्वंकष' हा शब्द आल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नसे, म्हणून त्यांच्याच कचेरीत त्यांना सर्वंकष साहेब म्हणत. त्या सकाळी साहेबांवर आभाळ कोसळलं होतं. जाड गुळगुळीत पुस्तिकेत 'ऐतिहासिक तीस करार' असं छापून झालं होतं आणि तिसावा करार नाश्त्याच्या टेबलावर मोडला होता. आमच्याकडची एक बलाढ्य पोलाद कंपनी आणि तिकडची तितकीच बलाढ्य. फलकावर आधी कुणाचं नाव, यावरून दोन्ही अध्यक्षांचं वाजलं आणि दोघेही दोन गाड्यांत बसून विमानतळावर गेले. उरले एकोणतीस. एकोणतिसांना इतिहासात कोण विचारतो?

इकडे शेवटच्या रांगेत एक उंच, वाळकुडी म्हातारी बसली होती. ती त्या दुसऱ्या देशाची. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालायच्या काठ्या बनवायचं काम. पदरमोड करून ती शिष्टमंडळाबरोबर आली होती, पण तिला भेटीची वेळ कुणी दिली नव्हती. आमची भाषा ती रेडिओवरच्या बातम्या ऐकून शिकली होती, त्यामुळे पाणी मागितलं तरी राष्ट्राला उद्देशून बोलल्यासारखं वाटायचं. बूटवाले तिच्या खुर्चीपाशी रांगत आले, तेव्हा तिने आपली काठी पुढे केली आणि गंभीरपणे म्हणाली, "ताज्या वृत्तानुसार, माझी काठी घसरते."

बूटवाल्यांनी काठी उलटी करून पाहिली. खालचं रबर झिजून पापडासारखं झालं होतं. त्यांनी पिशवीत हात घालून शिडीसाठी केलेला एक बूट काढला, तोंडाने फुंकला, पिळून बसवला. म्हातारी उठली. काठी टेकली, जोर दिला, पुन्हा टेकली. मग तिने बूटवाल्यांकडे असं पाहिलं की ते लाजून खुर्चीच्या पायाकडे बघायला लागले, आणि मग दोघंही हसायला लागले.

नेमके तेव्हाच सर्वंकष साहेब घाम पुसत तिथून चालले होते. सगळ्या सभागृहात दोन देशांची दोन माणसं एकमेकांकडे बघून मनापासून हसतायत, हे दृश्य त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्ही दोघं! काय चाललंय?"

"बूट घालतोय, साहेब."

"या बाई कुठल्या?"

"तिकडच्या."

"म्हणजे तुमचं सहकार्य चाललंय!" साहेबांचा चेहरा उजळला. "क्षेत्र कुठलं तुमचं?"

"पाय," बूटवाले म्हणाले.

"पायाभूत क्षेत्र!" साहेबांनी लिहूनही घेतलं. "चला, उठा. कोट कुठे आहे तुमचा?"

कोट नव्हताच. माइकवाल्याचा अंगावरून काढून बूटवाल्यांना चढवला. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या, गुडघ्यांवर रबराची काळी भुकटी तशीच. दोघांना मंचावर नेऊन बसवलं, पुढ्यात निळ्या मखमली पाठीची एकेक फाइल ठेवली. बूटवाल्यांनी ती उघडली. आत एकच कागद होता आणि त्यावर दुपारच्या जेवणात काय काय आहे ते छापलेलं होतं.

"साहेब, हे..." ते कुजबुजले.

"वाचायचं नसतं हो! सही करा."

दोघांनी गोड पदार्थांच्या खाली सही केली. निवेदिकेने जाहीर केलं, "पायाभूत क्षेत्रात सर्वंकष सहकार्य!" टाळ्या झाल्या, झेंडे हलले, कॅमेरे लखलखले. काठीवाल्या बाईंनी हात मिळवला आणि विचारलं, "बूट आणखी मिळतील?"

"हवे तेवढे," बूटवाले म्हणाले. त्या दिवशी त्या सभागृहात खरोखर ठरलेली गोष्ट तेवढी एकच.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. दोन्ही देशांचे नेते पुढे, आणि त्यांच्या खांद्यांमधल्या फटीत बूटवाल्यांचा अर्धा चेहरा आणि एक रिकामी बाही. तेवढ्यावर बूटवाले हवेत गेले. त्यांनी शेडवर पाटी रंगवून घेतली, 'आंतरराष्ट्रीय बूट उद्योग'. चालण्यात एक डौल आला. दूधवाल्याशी बोलतानाही 'दोन्ही बाजूंच्या हिताचा विचार करता' अशी सुरुवात व्हायला लागली.

"दोन्ही बाजूंचं राहू दे," बायको म्हणाली, "घराच्या या बाजूचा नळ गळतोय, तेवढं हित बघा."

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे बूटवाल्यांचा मेहुणा, मात्र फार खूश झाला. हा गृहस्थ टीव्हीवरच्या चर्चा ऐकून ऐकून अर्थतज्ज्ञ झालेला. स्वतःचा धंदा दोनदा बुडवला होता, पण देशाचा कसा चालवावा हे त्याला तोंडपाठ. "भावोजी, ही भू-राजकीय घडामोड आहे," तो म्हणाला, "तुम्हाला कळणार नाही."

"मी सही केलीय त्यावर."

"म्हणूनच कळणार नाही."

महिन्याभराने काठीवाल्या बाईंचा फोन आला. "ताज्या वृत्तानुसार, मला बूट हवेत. खूप." आणि खरंच खूप हवे होते. त्यांच्या देशात म्हातारी माणसं उदंड, रस्ते उताराचे आणि गारठ्याने निसरडे. बूटवाल्यांनी साचा बारीक करून घेतला. ते प्रेस दाबायचे, बायको कात्रीने कडा साफ करायची. पहिली खोकी भरली, तेव्हा प्रश्न आला की आता ती धाडायची कशी. बूटवाले सरळ मनाचे. त्यांनी विचार केला, करार सरकारच्या साक्षीने झालाय, तर सरकारलाच विचारावं.

सहकार्य कक्ष नावाची एक पाच मजली इमारत होती. बूटवाले तिथे गेले, तर सर्वंकष साहेबच कक्षाचे प्रमुख. तीस करारांचं बक्षीस म्हणून त्यांना बढती मिळाली होती.

"या या, पायाभूत! बोला."

"साहेब, तो करार अमलात आणायचा होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग दार लोटून घेतलं आणि काळजीने विचारलं, "कशाला?"

"म्हणजे... बूट पाठवायचेत ना."

"हे बघा, पहिल्या मजल्यावर करार करतात. दुसऱ्यावर ते साजरे करतात. तिसऱ्यावर आढावा घेतात. चौथ्यावर पुढच्या करारांची तयारी असते. पाचव्यावर उपाहारगृह. अमलात आणायचा मजला बांधलेलाच नाही हो आम्ही. मागणीच नव्हती."

"मग बाकीच्या एकोणतिसांचं काय झालं?"

"प्रगतिपथावर आहेत," साहेब म्हणाले. "सर्वंकष प्रगतिपथावर. तुमचाही आहे. तुम्ही मध्ये काही केलंत, तर उगाच आढाव्यात घोटाळा होईल."

शेवटी बूटवाले स्वतःच बंदरावरच्या जकात नाक्यावर गेले. अर्जात त्यांनी प्रामाणिकपणे 'रबरी बूट' असं भरलं होतं. तिथल्या बाईंनी चष्म्यातून विचारलं, "पुरुषांचे की बायकांचे?"

"काठीचे."

"तसा रकाना नाही. डाव्या पायाचे की उजव्या?"

"बाई, काठीला एकच पाय असतो."

"नियमाप्रमाणे पादत्राणं जोडीनेच जातात. सुटं पादत्राण म्हणजे तस्करीचा संशय. आज डावा पाठवाल, उद्या उजवा, आणि कर दोन्हीवर चुकवाल."

मग बूटवाले घरी आले. नवरा-बायकोने अर्ध्या बुटांवर खडूने 'डा' आणि अर्ध्यांवर 'उ' लिहिलं, दोन-दोन बूट दोऱ्याने बांधले आणि माल गेला. तिकडच्या जकातवाल्यांनीही कुरकुर न करता सोडला. काठीवाल्या बाईंनी तेवढं फोनवर विचारलं, "ही डावी-उजवी बातमी काय आहे?" बूटवाल्यांनी सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की फोन त्यांच्या हातून पडल्याचा आवाज आला.

दोन-तीन वर्षं बरी गेली. शेडवर नवे पत्रे पडले, नळ दुरुस्त झाला, बूटवाल्यांनी मापाचा कोट शिवून घेतला. बायको म्हणायची, "कोट कशाला? रबराच्या वासाने दारात कुत्रं उभं राहत नाही, आणि तुम्ही कोट घालून कुणाला भेटणार?" पण इस्त्री तीच करून ठेवायची.

आणि मग खुर्चीवरून भांडण झालं. कुठल्याशा बैठकीत आमच्या नेत्यासाठी ठेवलेली खुर्ची त्यांच्या नेत्याच्या खुर्चीपेक्षा बोटभर बुटकी निघाली. फोटोत आमचा नेता त्यांच्या नेत्याच्या खांद्याला लागलेला दिसला. देश पेटला. चौकाचौकात लोक इंचांत बोलायला लागले. सरकारने त्यांच्या मालावर कर लावायची धमकी दिली, त्यांनी उलटी धमकी दिली, आणि 'व्यापारयुद्ध' असा लाल शब्द टीव्हीवर दिवसभर फिरायला लागला.

पण युद्ध म्हटलं की कुणाला तरी मारावं लागतं. तिकडे पोलादावर कर लावावा, तर पोलादवाले मंत्र्यांचे व्याही. इकडे तेल थांबवावं, तर आपल्याच गाड्या बंद पडतील. दोन्ही राजधान्यांत मोठमोठे अधिकारी अशी एखादी वस्तू शोधायला लागले की जिच्यावर घाव घातला तर आवाज मोठा होईल आणि ओरडणारं कुणी नसेल. शोधता शोधता दोघांनाही एकच वस्तू सापडली. एवढ्या वर्षांत दोन्ही देशांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच. तिकडच्या सरकारने जाहीर केलं की मानवेतर पायांच्या रबरी पादत्राणांवर जबर कर. आमच्या सरकारने त्याच दिवशी सडेतोड उत्तर दिलं की असा एकही बूट आम्ही तिकडे जाऊच देणार नाही.

मेहुणा धावतच आला. बूटवाले जेवत होते, बायको वाढत होती.

"ऐकलंत का भावोजी? काय दणका दिलाय आपण! जन्मभर लक्षात राहील त्यांच्या!"

"कुणाच्या?" बायकोने विचारलं.

"त्यांच्या गं!"

"त्यांच्या नाही रे," ती नवऱ्याकडे डाव दाखवत म्हणाली, "ह्यांच्या."

मेहुण्याला ते कळायला वेळ लागला. कळल्यावरही तो म्हणाला, "देशासाठी एवढं तर..." आणि बहिणीच्या हातातल्या डावाकडे बघून गप्प बसला.

बूटवाले दुसऱ्या दिवशी कोट घालून सहकार्य कक्षात गेले. आता त्याचं नाव प्रतिकार कक्ष झालं होतं. साहेब तेच, मजले तेच. "साहेब, या बंदीत सापडलेला मी एकटाच आहे," ते म्हणाले. "पूर्ण देशात हा माल दुसरं कुणी पाठवत नाही."

"सर्वंकष विचार करूनच तर निवडलंय तुम्हाला," साहेब प्रेमाने म्हणाले. "तुमच्यामागे कुणी नाही. संघटना नाही, मंत्री नाही, साधा आमदारसुद्धा नाही. असा माणूस युद्धात फार मोलाचा असतो."

"म्हणजे मार मी खायचा आणि टाळ्या तुम्ही घ्यायच्या?"

"टाळ्यांमध्ये तुमचाही वाटा आहे. नाव नाही घेता येणार, एवढंच."

रेड्यांची टक्कर आणि झाडांचा काळ म्हणतात, तसं झालं. बूटवाले घरी आले आणि शिडी लावून पाटी उतरवायला चढले. पाटी सहज निघाली, पण ते बराच वेळ वरच उभे राहिले. खाली बायको शिडी धरून. तिने एरवी तोंड सोडलं असतं. त्या दिवशी तिने एका हाताने पाटी खाली घेतली. शेडमध्ये डावे-उजवे बूट छातीएवढे रचलेले होते. तिथे बसून बूटवाले दिवसचे दिवस एकेक बूट हातात घेऊन दाबायचे आणि सोडायचे. ते चिडले नव्हते, त्यांना लाज वाटत होती. पेपरातला तो अर्धा चेहरा त्यांनी खरा मानला होता ना! गल्लीतून जाताना ते आता खुर्च्यांकडे बघेनासे झाले, आणि आम्हाला शेजाऱ्यांना ते एखाद्या आजारपणापेक्षाही वाईट वाटलं.

अशात एके सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक मोठी बस येऊन अडकली. दार उघडलं आणि आधी एक काठी बाहेर आली, मग काठीवाल्या बाई, आणि मग एकामागून एक म्हातारे-म्हाताऱ्या. टोप्या घातलेल्या, गळ्यात कॅमेरे, नाकं उन्हाने लाल. प्रत्येकाच्या हातात काठी. काही जणांच्या हातात दोन-दोन. एकाही काठीला बूट नाही.

बूटवाले दारात येऊन बघतच राहिले. "बाई, हे काय?"

"आम्ही फिरायला आलो आहोत," बाई म्हणाल्या. "आमच्या गावाचं ज्येष्ठ नागरिक भ्रमण मंडळ. फिरायला बंदी नाही. काठीला बंदी नाही. आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातातली काठी काढून घेऊन तिच्या बुटावर कर मागेल, असा जकातवाला अजून जन्माला यायचाय."

"पण दोन-दोन काठ्या?"

"विमानतळावर तेही विचारलं. मी म्हटलं, त्यांना पाय किती आहेत ते मोजा."

बायकोने हे ऐकलं आणि पदर खोचून पुढे आली. "अहो, बघत काय उभे राहिलात? घ्या ना आत सगळ्यांना!"

अंगणात घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या मिळतील तेवढ्या खुर्च्या मांडल्या. बूटवाले गुडघ्यांवर बसले. एकेक काठी यायची, बूट पिळून बसायचा, म्हातारबुवा अंगणात चक्कर मारून यायचे, मान हलवायचे किंवा नाक मुरडायचे. संध्याकाळपर्यंत छातीएवढी रास कमरेला आली. परत जाताना तिकडच्या विमानतळावर ही फौज ठामपणे काठ्या टेकत उतरली, आणि व्यापारयुद्धाच्या तटबंदीतून दणकट पावलांनी चालत घरी गेली.

त्यानंतर बसगाड्या येतच राहिल्या. तिकडे गावोगावी भ्रमण मंडळं निघाली. आमच्या गल्लीचं नशीब फिरलं. चहावाल्याने दोन बाकं वाढवली, न्हाव्याने त्यांच्या भाषेत 'कमी' आणि 'आणखी कमी' हे दोन शब्द शिकून घेतले. बायको आता सगळा कारभार बघायची. रांग ती लावायची, भाव ती ठरवायची, आणि फुकट एक जादा बूट मागणाऱ्याला त्याच्याच भाषेत झापायची. ती भाषा तिला कुणी शिकवली नव्हती. घासाघीस करणाऱ्यांकडून ती उचलली होती, त्यामुळे तिच्यात एकही सभ्य शब्द नव्हता. मेहुणासुद्धा येऊन खोकी उचलायचा. अर्थव्यवस्थेवर बोलायला लागला की बहीण फक्त म्हणायची, "खोकं."

राजधानीतल्या आकड्यांत एकाएकी दिसायला लागलं की भांडण चालू असूनही तिकडचे पर्यटक दुप्पट झालेत. कारण कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून श्रेय सर्वंकष साहेबांना मिळालं. त्यांना पर्यटन सहकार्याचं पदक देण्यात आलं.

पुढे दोन्ही देशांत निवडणुका झाल्या, नेते बदलले, खुर्च्यांची उंची सारखी झाली आणि पुन्हा मैत्रीची लाट आली. पुन्हा परिषद ठरली. पण या वेळी कुणा पत्रकाराने आगाऊपणा केला. त्याने विचारलं, मागच्या तीस ऐतिहासिक करारांपैकी पार किती पडले? कक्षाच्या सगळ्या मजल्यांवर कागद चाळले गेले. सगळे करार प्रगतिपथावर होते आणि त्या पथावरून एकही कुठे पोचला नव्हता. मग कुणालातरी पायाभूत क्षेत्र आठवलं.

साहेब स्वतः गाडीतून गल्लीत आले. "सन्मान करायचाय तुमचा. मंचावर दोन मिनिटं बोलायचं. भाषण आम्ही लिहून देऊ."

"जाऊ नका," बायको म्हणाली. "त्या दिवशी दोन बसगाड्या येणार आहेत."

पण कोट कपाटात होता, आणि माणूस म्हटला की मोह आलाच. बूटवाले गेले. जाताना एवढंच म्हणाले, "काठीवाल्या बाई पण असतील ना. बरं दिसणार नाही मी नसलो तर."

बाई नव्हत्या. बूटवाल्यांनी साहेबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्या बाजूने यंदा जागा भरल्या. पोलादवाले आलेत ना दोघेही. फलकावर नावं गोलात लिहिलीत, त्यामुळे आधी-नंतरचा प्रश्नच मिटला."

बूटवाल्यांनी हातातलं भाषण वाचलं. त्यात 'दोन्ही सरकारांच्या सर्वंकष मार्गदर्शनामुळे' असं तीनदा होतं. त्यांनी त्याची घडी घालून खिशात ठेवली, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "दोन्ही सरकारांनी हा करार मनावर घेतला असता, तर आम्ही केव्हाच बुडालो असतो. एकदा घेतला होता, तेव्हा जवळजवळ बुडालोच होतो. पुढेही आमच्याकडे असंच दुर्लक्ष असू द्या, एवढी विनंती आहे."

दुभाष्या मुरलेला होता. त्याने पाहुण्यांच्या भाषेत सांगितलं की वक्ते दोन्ही सरकारांचे ऋणी आहेत आणि असाच लोभ असावा असं म्हणतात. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे वाजवतायत म्हटल्यावर आमच्या लोकांनी त्याहून जोरात वाजवल्या. उगाच मागे कशाला राहायचं? एका मंत्र्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. बूटवाल्यांना काचेचं एक जड स्मृतिचिन्ह मिळालं, आणि त्याच मंचावरून घोषणा झाली की मैत्रीखातर बुटांवरचा कर निम्मा, निर्यातबंदी मागे, आणि या क्षेत्राच्या विकासासाठी दोन्ही देशांचं संयुक्त काठी-बूट महामंडळ, अध्यक्ष सर्वंकष साहेब. महामंडळाला गावाबाहेर जागा मिळाली, इमारत उठली, शिपाई लागले. आजतागायत तिथून एक बूट बाहेर पडलेला नाही. पहिल्या वर्षीच्या अहवालात मात्र साहेबांनी लिहिलं की उद्योग खंबीरपणे स्वतःच्या पायावर उभा आहे.

बूटवाले दुपारी घरी परतले, तर अंगण गजबजलेलं. बायको गुडघ्यांवर बसून बूट बसवत होती, काठीवाल्या बाई रांगेवर नजर ठेवून होत्या आणि मेहुणा घामाघूम होऊन खोकी फोडत होता. बूटवाल्यांनी बाईंना बातमी दिली. कर निम्मा झालाय, बंदी उठलीय. आता एवढ्या लांब यायची दगदग नको, खोक्यांनी माल पाठवता येईल.

बाईंनी ते आपल्या माणसांना ओरडून सांगितलं. अंगणात एकदम गलका उठला. एक बहिरट, लालबुंद म्हातारा काठी आपटत सगळ्यात मोठ्याने बोलत होता.

"काय म्हणतायत?" बूटवाल्यांनी विचारलं.

"म्हणतायत, खोक्यातून बूट आला तर घट्ट झाल्यावर भांडायचं कुणाशी? घरी त्यांचं कुणी ऐकत नाही."

"घट्ट झालाय का त्यांना?"

"झालाय म्हणतायत."

"सैल होईल!" बायको खालून ओरडली, आमच्या भाषेत. "दोन दिवस चाला की जरा!"

म्हाताऱ्याने त्यांच्या भाषेत तितक्याच जोराने उत्तर दिलं. तिने पुन्हा काहीतरी सुनावलं, या वेळी त्याच्या भाषेत, आणि ते ऐकून दोन म्हाताऱ्यांनी तोंडावर हात घेतले. म्हातारा खूश होऊन खुर्चीत ठाण मांडून बसला आणि काठी पुढे केली. बूटवाल्यांनी कोट काढून शेडच्या खिळ्याला अडकवला, स्मृतिचिन्ह मेहुण्याच्या हातात दिलं आणि बायकोला म्हणाले, "सरक जरा, मी बघतो."